मुलं सपाट सुरात वाचतात? आधी पुस्तक मिटा

लक्षण असं: पाचवी-सहावीची मुलं अडखळत नाहीत, पण प्रश्न, राग, विनवणी सगळं एकाच सुरात. थांबतात ती स्वल्पविरामाला नव्हे, ओळ संपते तिथं.

'भाव आणून वाच' म्हटलं की नुसता आवाज चढायचा. वाचून दाखवलं की नक्कल व्हायची आणि पुढच्या धड्यात पुन्हा तेच. दोन सत्रं यात गेली, जीव मेटाकुटीला आला.

कर्नाटकच्या सीमाभागात, खानापूर-निपाणीकडे, घरी कन्नड बोलणारी मुलंही मराठी शाळेत असतात. कन्नडमध्ये 'बंदनु' म्हणजे आला, 'बंदना?' म्हणजे आला का. प्रश्न प्रत्ययातच दिसतो. मराठीत 'आला.' आणि 'आला?' यांत फरक फक्त सुराचा. तो मुद्दाम ऐकवावा लागतो.

म्हणून आधी पुस्तक मिटायचं. सहा चिठ्ठ्या: आनंद, भीती, राग, शंका, कंटाळा, विनवणी. एकानं चिठ्ठी उचलून फक्त 'बाबा आले' म्हणायचं, बाकीच्यांनी डोळे मिटून भाव ओळखायचा. ओळखणं जमेपर्यंत वाचन नाही. घाई केली की ओरडणं परत येतं.

मग 'मी उद्या बेळगावला जाणार' चारदा, दर वेळी वेगळ्या शब्दावर जोर. 'उद्या'वर जोर, म्हणजे आज नाही, हे मुलांनीच सांगायचं.

त्यानंतर धड्यातल्या पाचच ओळी. पेन्सिलीनं स्वल्पविरामाला एक तिरपी रेघ, पूर्णविरामाला दोन, जोराच्या शब्दाखाली आडवी रेघ, प्रश्नाला चढता बाण. 'कुठे', 'कधी' असेल तर बाण नको, जोर त्याच शब्दावर. मोबाईलवर रेकॉर्ड करून मुलानं खुणांवर बोट ठेवत स्वतःचं ऐकायचं, मग खुणा खोडून पुन्हा वाचायचं.