त्रिशंकू संसद, म्हणजे कोणालाच बहुमत नाही अशी, आली की आघाडीचं गणित कसं मांडायचं
आधी बहुमताचा आकडा लिहा, मग कोण कोणासोबत बसूच शकत नाही ते खोडा, कारण प्रचारात एकमेकांवर तुटून पडलेले पक्षही नंतर एकत्र येतात पण एकाच मतदारावर डोळा असलेल्यांचं जमणं खरंच अवघड असतं. नंतर बघा चावी कोणाकडे आहे, समजा १०० जागांत ४५, ४० आणि १५ असे तीन पक्ष आलेत, तर १५ वाला दोघांपैकी कोणालाही ५० पार नेतो, म्हणून तो जे मागेल ते नीट ऐकावं लागतं. घाई करू नका, बेल्जियममध्ये २०१०-११ ला सरकार बनायला ५४१ दिवस लागले! आणि किमान समान कार्यक्रम, म्हणजे आघाडीतल्या सगळ्यांना मान्य असलेल्या कामांची यादी, लेखी झालाय का, अर्थखातं कोणाकडे जातंय, हे नक्की तपासा.