सोफ्यासाठी चामडे पारखताना

चामड्याचा सोफा घ्यायला गेलेला माणूस आधी त्यावर हात फिरवतो, मग बसून पाहतो आणि शेवटी किंमत विचारतो. त्याआधी नमुन्याचा एक तुकडा मागून घ्यावा आणि तो उलटा करून पाहावा. वरची बाजू रंगाने आणि छापाने हवी तशी सजवता येते, मागची बाजू मात्र सहसा कोणी सजवत नाही.

मागच्या बाजूला काय दिसायला हवे हे कळण्यासाठी कातड्याचे चामडे कसे होते ते थोडे समजून घ्यावे लागते. मीठ लावून टिकवलेले कातडे आधी पाण्यात भिजवतात, चुन्याच्या निवळीत ठेवून त्याचे केस सैल करतात आणि आतल्या बाजूचे मांस व चरबी खरवडून काढतात. त्यानंतर ते कमावले जाते. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात मुरवतात. ते घट्ट आणि ताठ होते, पायाखाली वर्षानुवर्षे टिकते, पण गादीवर ताणून बसवायला अवघड जाते. सोफ्याचे बहुतेक चामडे म्हणूनच क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. ही पद्धत जलद आहे, तिने चामडे मऊ राहते आणि उष्णताही अधिक सोसते. या टप्प्यावर ओले चामडे निळसर दिसते, त्यामुळे व्यापारात त्याला ‘वेट ब्लू’ म्हणतात. पुढे फिरत्या पिंपात त्यात रंग आणि तेल मुरवतात. हे तेल तंतूंना एकमेकांना चिकटू देत नाही. त्यात हात आखडता घेतला की चामडे वाळल्यावर कडक होते आणि घडीवर तडकते.

गुराचे कातडे जाड असल्यामुळे ते यंत्रावर आडवे चिरून त्याचे थर करतात. केसांच्या बाजूचा वरचा थर सर्वांत दाट आणि मजबूत असतो, आणि सोफ्यासाठी तो साधारण एक ते सव्वा मिलिमीटर जाडीचा ठेवतात. खालचा थर म्हणजे ‘स्प्लिट’. त्यावर रंगाचा जाड लेप देऊन दाण्याचा, म्हणजे चामड्याच्या नैसर्गिक पोताचा, छाप उठवला की तोही ‘जेन्युइन लेदर’ म्हणून विकता येतो, आणि त्यात तांत्रिकदृष्ट्या खोटे काही नसते! ‘बॉन्डेड लेदर’ ही त्याहून वेगळी वस्तू आहे: चामड्याचा चुरा चिकटद्रव्यात कालवून कापडावर थापलेला असतो, आणि काही वर्षांत त्याचे पापुद्रे सुटू लागतात. त्यापेक्षा उघडपणे रेक्झिन म्हणून घेतलेले चांगले रेक्झिन बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तुकडा हातात घ्यावा. मागे विणलेले कापड दिसले तर ते रेक्झिन किंवा बॉन्डेड आहे, असे बहुतेक वेळा समजावे. अस्सल चामड्याला मागे तंतूंची लव असते. कापलेली कड उजेडात धरली आणि रंग आरपार गेलेला दिसला, तर रंगाई नीट झाली आहे. वरून अंगठा दाबावा: वरच्या थराच्या चामड्यावर अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या पसरतात आणि अंगठा उचलताच विरतात, तर जाड लेपाखाली त्या फारशा उमटत नाहीत. वासावर मात्र विसंबू नये, कारण चामड्याचा वास बाटलीतही मिळतो.

पाण्याचा थेंब टाकून पाहिला की आणखी एक गोष्ट उलगडते. थेंब लगेच शोषला जाऊन तिथे गडद डाग पडला, तर ते लेप नसलेले ‘ॲनिलिन’ चामडे आहे. त्याचा स्पर्श अप्रतिम असतो आणि जनावराच्या अंगावरचे ओरखडे, डासांच्या खुणा त्यावर जशाच्या तशा दिसतात. या खुणांना दोष मानू नये. परंतु ते उन्हात फिकटते आणि सांडलेला चहा पिऊन टाकते. लहान मुले असलेल्या घरासाठी हलका संरक्षक लेप दिलेले ‘सेमी-ॲनिलिन’ किंवा पूर्ण लेपाचे वरच्या थरातले चामडे घ्यावे. सर्वांत महागडे चामडे प्रत्येक घराला मानवतेच असे नाही.

चामड्याची प्रत ठरली तरी ते सोफ्यावर कुठे लावले आहे, हे स्वतंत्रपणे विचारावे लागते. अनेक सोफ्यांमध्ये अंगाला लागणाऱ्या भागांवरच चामडे असते, आणि बाजू व पाठीमागे त्याच रंगाचे रेक्झिन. त्याने खर्च वाचतो आणि त्यात गैर काही नाही, मात्र ते आधी सांगितलेले असावे. बैठकीचे तुकडे जनावराच्या पाठीच्या दाट भागातून काढले आहेत का, हेही विचारावे. पोटाकडचे सैल चामडे तिथे वापरले तर बसून बसून त्याला झोळ पडतो.

दुकानदाराकडून बिलावर ‘वरचा थर’ की ‘स्प्लिट’, तसेच कोणत्या भागांवर चामडे आणि कुठे रेक्झिन, हे लिहून घ्यावे आणि नमुन्याचा तुकडा त्याच बिलाला टाचून ठेवावा, म्हणजे सोफा घरी आल्यावर गादीची चेन उघडून आतली कड त्या तुकड्याशेजारी धरून पाहता येते.