अंगणातला डबल डेअर : हिरवा राडा नीट कसा घालावा

६ ऑक्टोबर १९८६ रोजी अमेरिकेत निकलोडियन वाहिनीवर ‘डबल डेअर’ हा मुलांच्या स्पर्धेचा कार्यक्रम सुरू झाला. मार्क समर्स सूत्रसंचालक, दोन-दोन मुलांचे दोन संघ, आणि शेवटी आठ अडथळ्यांची शर्यत साठ सेकंदांत. लोकांच्या आठवणीत राहिला तो हिरवा चिकट राडा आणि झेंडा शोधायला बोटं घालायचं ते भलंमोठं नाक. घरी हा खेळ मांडताना बहुतेक जण थेट राड्यापासून सुरुवात करतात आणि दहा मिनिटांत मुलं कंटाळतात. खेळाचा जीव प्रश्नांत आहे, म्हणून आधी ते तयार करा.

नियम असा : प्रश्नाला १० गुण. उत्तर येत नसेल, किंवा समोरच्यालाही येणार नाही असं वाटत असेल, तर ‘डेअर’ म्हणून प्रश्न त्यांच्याकडे ढकलायचा, गुण २०. त्यांनी ‘डबल डेअर’ म्हणत परत केला की ४०. आता पहिल्या संघाने उत्तर द्यायचं, नाहीतर अंगमेहनतीचं आव्हान घ्यायचं. दुसऱ्या फेरीत सगळे गुण दुप्पट. सगळेच प्रश्न सोपे असले तर कोणी डेअर करत नाही, म्हणून निम्मे अवघड हवेत. ‘गोवा मुक्त कधी झाला?’ हे सगळ्यांना येतं. ‘गोवा घटक राज्य कधी झालं?’ (३० मे १९८७) किंवा ‘गोव्याचा राज्यवृक्ष कोणता?’ (माट्टी) इथे मुलं एकमेकांची तोंडं बघतात, आणि तिथेच खेळ रंगतो.

आव्हान २० किंवा ३० सेकंदांचं ठेवा. एकाने डोक्यावर प्लास्टिकचं टोपलं धरायचं, दुसऱ्याने सहा फुटांवरून भिजलेले स्पंज टाकायचे. पाचांतले तीन आत पडले की जिंकले. अंतर आधी दोन मुलांकडून तपासून घ्या. सगळेच जिंकले तर ते आव्हान राहत नाही. कोणीच जिंकलं नाही तर पुढच्या वेळी मुलं नुसतं उत्तराचा अंदाज ठोकतात.

आता राडा. दहा लिटरच्या बादलीसाठी ३०० ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि मिक्सरमध्ये बारीक दळलेला १०० ग्रॅम साबुदाणा. नुसत्या कॉर्नफ्लोअरचा थंड झाल्यावर खरवसासारखा तुकडा पडतो. साबुदाण्यामुळे त्याला तार येते. दोन्ही पिठं दोन लिटर गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा. उरलेलं आठ लिटर पाणी मोठ्या टोपात उकळून आच मंद करा, कालवण धारेने ओता आणि लाकडी डावाने तळापासून ढवळत दोन-तीन मिनिटं शिजवा. गार पाण्यात पीठ थेट वापरलं तर ते तळाला बसतं आणि वर नुसतं पाणी राहतं. शिजल्यावरच कण फुगून दाटपणा धरतात. हिरवा खाण्याचा रंग थोडाच घाला. पांढऱ्या चिंधीवर लावून धुऊन बघा. डाग राहिला तर रंग जास्त झाला.

सगळ्यात मोठा धोका उष्णतेचा. दाट पेज वरून गार लागते आणि आत तासन्‌तास कढत राहते. पहाटेच शिजवा, दोन उथळ टबांत पसरा, अधूनमधून ढवळा. मुलांना देण्याआधी मोठ्याने हात हळूहळू तळापर्यंत घालून बघायचाच. आदल्या दिवशी करून ठेवू नका. गोव्याच्या दमट हवेत रात्रभरात आंबूस वास येतो. तपकिरी राडा हवा असेल तर लिटरला ८० ग्रॅम नाचणीचं पीठ शिजवा, म्हणजे तिजनासारखा (नाचणीच्या गोड पेजेसारखा) रंग आपोआप येतो. बोरॅक्स आणि डिंकाचा स्लाइम नको. तो केसांतून निघत नाही, डोळ्यांना झोंबतो. दाढीचा फेसही झोंबतो. कच्ची अंडी अजिबात नकोत.

जागा निवडताना दारातलं तुळशी वृंदावन सोडा, मागचं परस बघा. गवत किंवा माती उत्तम. चिऱ्यांची फरशी गुडघे सोलते, पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. गुळगुळीत टाइल्स तर नकोतच. मे महिन्यात करणार असाल तर विहिरीचं पाणी आधी बघून घ्या. धुण्याला खेळापेक्षा जास्त लागतं.

आठ अडथळे घरी पेलत नाहीत. पाच अडथळे आणि ९० सेकंद पुरे. मूळ खेळातली एक गोष्ट मात्र मोडू नका : एकाने झेंडा मिळवून जोडीदाराच्या हातात द्यायचा, मगच त्याने पुढचा अडथळा सुरू करायचा. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन भोकं पाडून नाक करा, आत राड्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि एकीत झेंडा. ताडपत्रीची घसरगुंडी अगदी मंद उतारावर, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबलेल्या, टोकाला जुनी गादी. खुंट्या आणि दगड नकोत. तिसरा अडथळा दोन गाद्यांमधून सरपटत जाण्याचा. उरलेले दोन कोरडे ठेवा, नाहीतर ओल्या पायांनी सगळेच घसरतात. एका अडथळ्याला पंधरा सेकंदांहून जास्त लागत असतील तर झेंडा फार खोल लपवलाय. सायकलचं हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि पोहण्याचा चष्मा सगळ्यांना.

गोव्यातल्या माशेलच्या चिखलकाल्यात, म्हणजे चिखलात खेळायच्या उत्सवात, उतरताना अंगाला तेल चोळतात, तेच इथे करा. केसांना आणि हातापायांना खोबरेल लावलं की राडा चिकटून बसत नाही. खेळ संपताच, वाळायच्या आत, गार पाण्याने धुवा. कपड्यांवर वाळलाच तर खळ घातल्यासारखे कडक होतात. झटकून भिजत घाला. उरलेला राडा मोरीत ओतू नका, नळीत घट्ट होतो. भरपूर पाणी घालून माडाच्या आळ्यात पातळ पसरवा, ढीग केला तर मुंग्या आणि उंदीर येतात. पिशव्या आणि पुठ्ठा त्याआधी वेचून घ्या.