न्यूमा-जाणता स्पिनलॉक शिकताना: कर्नलच्या लॉकिंगकडे वळणाऱ्यांसाठी

लॉक म्हणजे सामाईक डेटाला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून ठेवलेली खूण. स्पिनलॉकमध्ये वाट बघणारा झोपत नाही, ती खूण पुन्हा पुन्हा वाचत राहतो. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, लॉकिंगवर काम करायचंय म्हणणाऱ्या नवख्या माणसाला मी आधी एकच प्रश्न विचारतो: लॉक सुटायची वाट बघणारा कोअर नेमकं काय वाचत असतो, आणि त्या वेळी ती कॅश लाइन (कॅशमध्ये एकदम हलणारा मेमरीचा तुकडा) कुणाच्या ताब्यात असते? ‘लॉकचा व्हेरिएबल वाचत असतो’ इथपर्यंत सगळेच येतात. प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग बऱ्याच जणांच्या मनात कधी आलेलाच नसतो, आणि न्यूमाचं, म्हणजे काही मेमरी जवळ आणि काही लांब असलेल्या मशीनचं, सगळं काम तिथेच आहे.

दोन सॉकेटचं, म्हणजे दोन प्रोसेसर चिपांचं, मशीन घ्या. प्रत्येक सॉकेटला स्वतःची मेमरी असते; दोन्ही मिळून एक नोड. दुसऱ्याच्या मेमरीला हात लावायचा तर दोघांमधला दुवा ओलांडावा लागतो. न्यूमासीटीएल या कमांडला हार्डवेअर दाखवायला सांगितलं की अंतरांचा तक्ता येतो: स्वतःच्या नोडला 10, शेजारच्याला बहुधा 20 किंवा 21. हा तक्ता फर्मवेअरने सांगितलेला असतो. त्यातले 21 म्हणजे 21 नॅनोसेकंद नव्हेत, तो सापेक्ष आकडा आहे. तक्ता बघून पुष्कळांना वाटतं की लॉक ‘जवळच्या’ मेमरीत ठेवला की प्रश्न सुटला. पण ज्या लॉकवर झोंबाझोंबी चालली आहे तो मेमरीत असतोच कुठे! त्याची कॅश लाइन एका कोअरच्या कॅशमधून दुसऱ्याच्या कॅशमध्ये फिरत असते, आणि तिच्या मागोमाग लॉकखालचा डेटाही फिरतो. त्यामुळे लॉक कुठे ठेवलाय यापेक्षा तो कुणाकडून कुणाकडे जातो, हे बघायला शिका.

हे ध्यानात आलं की लिनक्समधल्या स्पिनलॉकचा इतिहास सुसंगत दिसू लागतो. आधी साधा लॉक होता: सुटला की ज्याचा हात आधी पोचेल त्याचा. मग 2008 मध्ये 2.6.25 आवृत्तीत तिकीट लॉक आला. नंबर घ्या, नंबर लागेपर्यंत थांबा. न्याय मिळाला, पण थांबलेले सगळे मेमरीतल्या एकाच शब्दावर (एकाच जागेवर) डोळा ठेवून असायचे. लॉक सुटला की प्रत्येकाच्या कॅशमधली प्रत रद्द व्हायची आणि सगळे एकदम नवीन प्रत मागायला धावायचे. अशा लॉकमुळे चार-दोन कोअर वाढवल्यावर एकूण काम वाढायचं सोडून एकदम कोसळतं, हे 2012 च्या सुमाराला संशोधकांनी मोजून दाखवलं.

त्यावरचा उपाय तोवर जुना झाला होता. मेलर-क्रमी आणि स्कॉट यांचा एमसीएस लॉक 1991 चा. त्यात वाट बघणारा प्रत्येक जण स्वतःच्या छोट्या नोंदीवर डोळा ठेवतो, आणि रांगेत पुढे असलेला निघताना फक्त आपल्या मागच्याच्या नोंदीला हात लावतो. मग इतका चांगला लॉक कर्नलमध्ये जायला एवढी वर्षं का लागली? याचं उत्तर शोधताना मी जितकं शिकलो तितकं कुठल्याच अल्गोरिदममधून शिकलो नाही. अडचण 4 बाइटची होती. कर्नलमध्ये स्पिनलॉक असंख्य छोट्या रचनांच्या पोटात बसलेला असतो. लॉकरेफसारख्या ठिकाणी तर 4 बाइटचा लॉक आणि 4 बाइटची मोजणी मिळून 8 बाइट एका दमात अणुक्रियेने बदलले जातात. तिथे एमसीएससाठी लॉक 8 बाइटचा केला तर सगळी मांडणीच मोडते.

2015 मध्ये 4.2 आवृत्तीत आलेल्या क्यूस्पिनलॉकने एमसीएस त्या 4 बाइटमध्ये कोंबला. सर्वांत खालच्या बाइटमध्ये लॉक घेतलाय की नाही ते. त्यावर पेंडिंगची खूण, म्हणजे दुसऱ्याच क्रमांकावर असलेल्याला रांगेच्या नोंदीला हात लावायची गरज पडू नये. वरच्या 16 बिटांत रांगेचं शेपूट: 2 बिट एकात एक किती पातळ्या आहेत ते सांगतात, 14 बिट सीपीयूचा क्रमांक. त्या 2 बिटांमागे एक सुंदर निरीक्षण आहे. एका सीपीयूवर एका वेळी सहसा जास्तीत जास्त चारच संदर्भ एकमेकांच्या वर चढू शकतात: साधं टास्क, सॉफ्ट इंटरप्ट, हार्ड इंटरप्ट आणि एनएमआय (अडवता न येणारा इंटरप्ट). म्हणून प्रत्येक सीपीयूला चार नोंदी पुरतात. कर्नलच्या झाडातली लॉकिंग फोल्डरमधली ती फाइल शांतपणे वाचा. वरच्या टिप्पणीत आकृती काढलेली आहे, ती कागदावर स्वतः उतरवून काढा. मी अजूनही तसंच करतो.

आता न्यूमाचा मुद्दा. क्यूस्पिनलॉक काटेकोरपणे आल्या क्रमाने चालतो, त्याला सॉकेट कळत नाही. रांगेत एक इकडचा, एक तिकडचा असे उभे असतील तर प्रत्येक हस्तांतराला लॉकची लाइन आणि डेटा दुवा ओलांडून जाणार. लागोपाठ एकाच नोडच्या लोकांना लॉक दिला तर ही ये-जा वाचते. 2012 मधल्या कोहोर्ट लॉकने हेच केलं: प्रत्येक नोडला एक लॉक आणि वर सगळ्यांचा मिळून एक. पण नोडगणिक लॉकचा आकार वाढतो, म्हणजे पुन्हा ते 4 बाइट आडवे आले.

डाइस आणि कोगन यांचा 2019 चा सीएनए लॉक ही अडचण चतुराईने टाळतो. रांगेचा म्होरक्या आपल्याच नोडवरचा वारसदार शोधतो. मधे परक्या नोडचे जे असतील त्यांना उचलून दुसऱ्या, दुय्यम रांगेत नेतो. ही दुय्यम रांग ठेवायची कुठे? जादा जागा न मागता तिचा पत्ता वारसदाराच्या नोंदीतल्या ‘लॉक मिळाला’ या खुणेतच भरून पाठवायचा. तिथे 1 असेल तर नुसता लॉक मिळाला, त्याहून मोठा आकडा असेल तर सोबत दुय्यम रांगही मिळाली. लॉकचा शब्द 4 बाइटचाच राहिला.

परक्यांना किती वेळ ताटकळत ठेवायचं, यावर खरा वाद असतो. ठरावीक वेळाने दुय्यम रांग मुख्य रांगेच्या पुढे आणून जोडावी लागते, नाहीतर ते लोक तिथेच राहतील. ही मर्यादा सैल ठेवली तर थ्रूपुट (ठरावीक वेळात होणारं एकूण काम) वाढतं, आणि कुणाची तरी सर्वांत वाईट प्रतीक्षाही वाढते. घट्ट केली तर न्यूमाचा फायदा उरत नाही. लिनक्ससाठी या पॅचच्या अनेक आवृत्त्या आल्या, 2021 मध्ये पंधरावी. मेनलाइनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या अधिकृत मुख्य कोडमध्ये, तो गेला नाही. मला त्याचं फारसं दुःख नाही. एखाद्या लॉकवर एवढी गर्दी असेल की सीएनएने मोठा फरक पडावा, तर तो लॉक फोडता येतो का, डेटा प्रत्येक सीपीयूचा वेगळा करता येतो का, वाचणाऱ्यांना आरसीयूवर (वाचताना लॉक घ्यावा न लागणाऱ्या पद्धतीवर) नेता येतं का, हे आधी बघायला हवं. तरीही शिकण्यासाठी त्या पॅचइतकं चांगलं साहित्य मी पाहिलेलं नाही.

हात चालवायला सुरुवात युजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्राममध्ये, करा. सी-11 च्या अणुक्रिया वापरून एमसीएस लिहा, मग त्यात नोडचा क्रमांक घाला. एक्स-86 वर तो चालला म्हणून समाधानी होऊ नका. तिथलं मेमरी ऑर्डरिंग (वाचन-लेखन इतर कोअरना कोणत्या क्रमाने दिसतं ते) इतकं कडक आहे की विसरलेला बॅरिअर (क्रम पक्का करणारी सूचना) बऱ्याचदा लपून जातो. आर्म-64 वर चालवा, तिथे हा क्रम सैल असतो. 2018 पासून कर्नलच्या झाडातच मेमरी मॉडेल, म्हणजे त्या क्रमाचे लेखी नियम, आहे. हर्ड-7 या साधनाला लहानशी लिटमस चाचणी (काही ओळींचा नमुना प्रोग्राम) दिली की कोणते निकाल शक्य आहेत ते तो सांगतो.

मोजमापात नवखे सर्वांत जास्त फसतात. मशीनची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयूमध्ये दोन नोड दाखवता येतात, कर्नलला बूट करताना खोटे नोडही सांगता येतात. रांगा जोडण्या-तोडण्याचा कोड बरोबर चालतो का, एवढं तपासायला हे उत्तम. वेगाचे आकडे मात्र त्यावरून काढू नयेत, कारण अंतर फक्त तक्त्यात आहे, तारांमध्ये नाही. आकड्यांसाठी खरं दोन सॉकेटचं मशीन तासाच्या हिशेबाने भाड्याने घ्या. थ्रेड कोअरला बांधा, फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवा. पर्फ या मोजमापाच्या साधनाच्या सी-टू-सी अहवालात कोणती लाइन नोडांमध्ये फिरतेय ते दिसतं, लॉक-स्टॅटमध्ये कोणत्या लॉकवर किती थांबावं लागलं ते. मुद्दाम गर्दी करायला लॉकटॉर्चर आहे. आणि एकट्या थ्रेडचा आकडा कधीही गाळू नका. कर्नलमधले बहुतेक लॉक बहुतेक वेळा बिनगर्दीचेच घेतले जातात, त्यामुळे पॅच तपासणारा पहिली नजर तिथेच टाकतो.

व्हर्च्युअल मशीन हे वेगळंच प्रकरण आहे. ती चालवणाऱ्या हायपरवायझरने लॉकधारकालाच बाजूला बसवलं तर मागची सगळी रांग अडते. म्हणून सीएनएच्या पॅचमध्ये स्वयंचलित निवड ठेवली तर पॅराव्हर्च्युअल (हायपरवायझरच्या मदतीने चालणारे) लॉक वापरात असताना तो चालूच होत नसे.

नोकरीसाठी म्हणाल तर प्रोसेसर बनवणारे, डेटाबेसवाले, क्लाउडवाले आणि डिस्ट्रिब्यूशनवाले हे काम जाणणारी माणसं घेतात. मुलाखतीत न्यूमाबद्दल थेट फार कमी विचारतात. बऱ्याचदा एमसीएसचं अनलॉक फळ्यावर लिहायला सांगतात आणि एकाच ठिकाणी थांबून बघतात: तुमच्यामागे कुणी नाही असं दिसलं म्हणून तुम्ही शेपूट रिकामं करायला गेलात, आणि तुलना करून बदलण्याची क्रिया फसली. म्हणजे तेवढ्यात कुणीतरी शेपटाला लागलाय, पण त्याने अजून तुमच्या नोंदीत आपला पत्ता लिहिलेला नाही. तिथे परत फिरून चालत नाही. तो पत्ता दिसेपर्यंत थांबायचं आणि मगच लॉक त्याच्या हाती द्यायचा.