नटिव्हिटी म्हणजे दरवेळी नाताळ नाही! या शब्दाच्या बाबतीत या चुका टाळा

मागे एका जुन्या इंग्लिश भाडेपट्ट्याचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यात लिहिलेलं की भाडं सेंट जॉनच्या नटिव्हिटीच्या सणाला द्यायचं, आणि मी नटिव्हिटी वाचल्या वाचल्या "नाताळात द्यायचं" असं लिहून पुढे गेलो. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं की जॉनचा नाताळ कसा काय, तेव्हा कुठे शोधायला बसलो. तारीख निघाली २४ जून. म्हणजे सरळ सहा महिन्यांची चूक, आणि तीही पैशाच्या कागदात. तेव्हापासून हा शब्द दिसला की मी थांबतो, आणि तुम्हीही थांबावं म्हणून हे लिहितोय.

तर पहिली चूक हीच, नटिव्हिटी म्हणजे फक्त येशूजन्म असं धरून चालणं. शब्दाचा मूळ अर्थ नुसता "जन्म". लॅटिनमधून फ्रेंचात आणि तिथून इंग्लिशमध्ये आला. चर्चच्या कॅलेंडरमध्ये तीन जणांचे जन्म सण म्हणून पाळतात, येशूचा २५ डिसेंबरला, त्याची आई मारियेचा ८ सप्टेंबरला आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा, म्हणजे माझ्या कागदातल्या सेंट जॉनचा, २४ जूनला. लूकच्या शुभवर्तमानात योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा आहे, त्यावरून ती जूनची तारीख आली. इंग्लंडात वर्षाचं भाडं आणि हिशेब चार ठरलेल्या दिवसांना व्हायचे, २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर. म्हणून जुन्या कागदात नटिव्हिटी दिसली की आधी बघा कोणाची. पुढे बहुतेक वेळा नाव दिलेलं असतं, आपणच घाईत वाचत नाही. नावाऐवजी "अवर लॉर्ड" (आपला प्रभू, म्हणजे येशू) असं असेल, तर मात्र तो नाताळच.

मारियेच्या जन्माचा सण तर आपल्या अगदी जवळचा आहे. वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा, जिला आपले कोळी लोक मोत मावलीची जत्रा म्हणतात, ती ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते ती याच सणाची. मंगळुरी ख्रिश्चन लोक याच दिवशी मोंती फेस्त करतात, नवं भात घरात आणतात. वांद्र्याला मेणबत्ती लावायला जाणाऱ्या कितीतरी लोकांना, ख्रिश्चन नसलेल्यांना तर नक्कीच, हा वाढदिवसाचा सण आहे हे माहीत नसतं.

आता यातच अडकलेली दुसरी चूक, आणि ही चांगले शिकलेले लोकही करतात. पणजीचं ते पांढरंशुभ्र, पायऱ्यांचं चर्च इमॅक्युलेट कन्सेप्शनचं आहे, आणि लोकांना वाटतं इमॅक्युलेट कन्सेप्शन म्हणजे कुमारी मारियेच्या पोटी येशू आला ती गोष्ट. नाही! ते मारिया स्वतः तिच्या आईच्या पोटात आली त्याबद्दल आहे, की ती गर्भात आल्या क्षणापासून मूळ पापापासून (जे प्रत्येक माणूस जन्मतः घेऊन येतो असं चर्च मानतं) मुक्त होती. पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये ते अधिकृत मत म्हणून जाहीर केलं, ८ डिसेंबरचा त्याचा सण मात्र त्याआधी कितीतरी वर्षांपासून होता. लक्षात कसं ठेवायचं? बोटांवर महिने मोजा. ८ डिसेंबर ते मारियेच्या जन्माचा ८ सप्टेंबर, बरोबर नऊ महिने. आणि येशूचं गर्भात येणं २५ मार्चला, म्हणजे २५ डिसेंबरपर्यंत परत नऊ महिने. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खूप आवडलं होतं, कॅलेंडर लावणाऱ्यांनी बाळंतपणाचा हिशेब कसा नीट ठेवलाय बघा.

संतांच्या बाबतीत उलटाच सापळा आहे. योहान सोडला तर संतांचा सण बहुतेक वेळा ते वारले त्या दिवशी असतो, आणि जुन्या लॅटिन नोंदींत त्या मृत्यूच्या दिवसालाच जन्मदिवस म्हटलेलं असतं, कारण स्वर्गात तो त्यांचा जन्म. जुन्या गोव्यात ३ डिसेंबरला सेंट झेवियरचं फेस्त असतं, तो १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला तो दिवस आहे, त्याचा वाढदिवस नाही. "संताचा जन्मदिन" असं भाषांतर करायच्या आधी हे बघाच.

तिसरी चूक जुनं इंग्लिश साहित्य वाचणाऱ्यांची. शेक्सपिअरच्या किंग लिअरमध्ये एडमंड म्हणतो की माझी नटिव्हिटी सप्तर्षींच्या तारकासमूहाखाली झाली. इथे नाताळबिताळ काही नाही, इथे ग्रहतारे आहेत, म्हणजे आपल्याकडे "अमक्या नक्षत्रावर जन्मला" म्हणतात तसं. त्या काळात नटिव्हिटी या शब्दाचा एक रोजचा अर्थ होता जन्मपत्रिका. विल्यम लिली नावाच्या लंडनच्या ज्योतिषाने १६४७ मध्ये जो जाडजूड ग्रंथ छापला त्याचा शेवटचा भाग पत्रिकांबद्दलच आहे आणि तो त्यांना नटिव्हिटी म्हणतो. तर "नटिव्हिटी कास्ट करणे" असं आलं की सरळ "पत्रिका मांडणे" लिहा, इतका चपखल शब्द आपल्याकडे तयार असताना दुसरं काही शोधायला जाऊ नका.

आणि बायबलच्या १६११ च्या इंग्लिश भाषांतरात "लँड ऑफ नटिव्हिटी" येतं, रूथच्या गोष्टीत, ती सासूबरोबर निघून आलेली असते आणि बवाज नावाचा शेतमालक तिला म्हणतो की तू आईबापांना आणि आपली जन्मभूमी सोडून आलीस. जन्मभूमी, बस्स. तिथे "जन्माचा देश" असं ओढूनताणून लिहू नये.

उच्चाराचं पटकन सांगतो. नेटिव्ह हा शब्द ओळखीचा म्हणून आपण नेटिव्हिटी म्हणतो, पण इंग्लिशमध्ये जोर "टि"वर आहे आणि पहिलं अक्षर आखूड, नटिव्हिटी. शाळेच्या ख्रिसमसच्या नाटकाचं निवेदन करणार असाल तर एवढं सांभाळा. आणि येशूजन्माच्या देखाव्याला आपल्याकडे गोठा म्हणतात, बाळाला ठेवतात ती गव्हाण, हे शब्द छान आहेत, वापरा.

आता व्हॉट्सॲपवर फिरणारी एक चूक, की नटिव्हिटी, नेशन, नेचर हे शब्द संस्कृत "जन्"वरून निघाले. निघाले नाहीत. लॅटिनमध्ये "जन्मलेला" हा शब्द आधी ग्नातुस होता, मग त्यातला ग गळला आणि नातुस राहिला. तो ग्न आणि आपला जन् ही एकाच फार जुन्या भाषेची दोन लेकरं, एक दुसऱ्याचं बाप नाही. गंमत म्हणजे इंग्लिश बर्थ या शब्दाचं मूळ वेगळंच आहे, ते वाहणे या अर्थाच्या धातूचं, आपल्या "भृ"चं भावंड, ज्यातून भार आणि भरणपोषण आलं. म्हणजे बर्थमध्ये आईने वाहिलेलं ओझं आहे आणि नटिव्हिटीमध्ये जन्म.

आणि नाताळ! तो पोर्तुगीज नाताल, त्याचा अर्थच जन्माचा दिवस, म्हणजे नटिव्हिटीचा सख्खा भाऊ. वास्को द गामा १४९७ च्या डिसेंबरात आफ्रिकेच्या किनाऱ्याने येत होता तेव्हा नाताळ होता म्हणून त्या किनाऱ्याला हेच नाव पडलं, म्हणून गांधीजींनी १८९४ मध्ये तिथे काढलेल्या काँग्रेसच्या नावात नाताळ दिसलं तर सण समजू नका, तो प्रांत आहे.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी शेवटचं, कारण हे एका मित्राला समजावताना मलाच नीट कळलं. तिथल्या जनगणनेच्या तक्त्यात "नटिव्हिटी" असा रकाना असतो. त्याचा जन्मदराशी संबंध नाही, जन्मदराला नटॅलिटी म्हणतात. या रकान्यात माणूस जन्मतः अमेरिकन नागरिक आहे की नाही एवढंच मोजतात. त्यामुळे अमेरिकन नागरिक आईबापांचं बाळ पुण्यात जन्मलं पण जन्मतः नागरिकत्व मिळालेलं असलं तर ते नेटिव्हमध्ये जातं, आणि वीस वर्षं तिथे राहून पासपोर्ट घेतलेला त्याचा मामा मात्र फॉरिन बॉर्नमध्येच राहतो. मुंबईत आपण "तुमचं नेटिव्ह कुठलं?" विचारतो तेव्हा गाव विचारत असतो, तो अर्थ तिथे लावला की अख्खा तक्ता चुकीचा वाचला जातो.