जुना टर्नटेबल आणताय? मागची बारीक तार बघा

चोर बाजारात जा नाहीतर ओळखीतून घ्या, जाताना स्वतःची एक एलपी, म्हणजे गाण्यांची तबकडी, बरोबर ठेवा. ताट डुगडुगतंय का, टोनआर्म (सुईचा दांडा) सैल आहे का, हे बघालच. मशीन उलटं फिरवून मागची बाजू मात्र आठवणीने बघा. लाल-पांढऱ्या आरसीए पिना सगळ्यांनाच दिसतात. त्यांच्याबरोबर बहुधा काळी किंवा हिरवी अशी एक बारीक तार असते, टोकाला यू आकाराची धातूची पट्टी, म्हणजे लग. ती ग्राउंडची. मी ती बघितली नव्हती. आधीच्या मालकाने ती मुळाशी कापलेली, आणि घरी आल्यावर गाण्याच्या आधी घूंऽऽ सुरू. तार नसली तर निदान भाव तरी पाडा.

मशीनवरची व्होल्टेजची पाटीही वाचा. अमेरिकेतल्या मामाने दिलेलं ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचं मशीन असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ नाही. सिंक्रोनस मोटार (हर्ट्झवर वेग ठरणारी) आपल्या ५० हर्ट्झवर रेंगाळते, ३३ची, म्हणजे मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी जेमतेम २८ने फिरते आणि काळी पाचमध्ये गाणारी बाई पांढरी पाचमध्ये येऊन बसते. पुली बदलावी लागते, ती मिळेल याची खात्री करूनच पैसे द्या.

सुई नवी घ्या. बजेट कितीही तुटपुंजं असो, इथे कंजुषी नको, झिजलेली सुई तबकडीच खाते. ७८च्या लाखेच्या तबकड्या वाजवायच्या असतील तर त्यांची सुई वेगळी, एलपीच्या सुईपेक्षा साधारण चौपट जाड.

अँप शक्यतो फोनो, म्हणजे खास टर्नटेबलसाठीच्या इनपुटवालाच बघा, नाहीतर वेगळा फोनो प्रीअँप. साध्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसते त्या डबीतून, जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्ट निघतात, तेवढ्याने अँपच्या साध्या ऑक्स इनपुटला काही होत नाही. शिवाय तबकडीवर खाच कापताना बास दाबलेला असतो, फोनो तो परत वर काढतो. १००० हर्ट्झच्या मानाने ५० हर्ट्झला सुमारे १७ डेसिबल, म्हणजे सातपट. घरातल्या विजेची गुणगुण नेमकी ५० हर्ट्झची. तीही सातपट. म्हणून त्या तारेसाठी एवढा जीव काढतोय. प्लेअरमध्येच प्रीअँप असेल तर मागचं बटण लाइनवर आणि वायर ऑक्सला. बटण लाइनवर ठेवून वायर फोनोला लावलीत तर आवाज फाटणार, मग स्पीकरला शिव्या देऊ नका.

जोडणी अँप बंद ठेवून. ग्राउंडची तार अँपच्या किंवा प्रीअँपच्या जीएनडी स्क्रूखाली जाते. भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थच्या भोकात नाही! लग नुसता अडकवू नका, स्क्रू आवळा. तार कापलेली असेल तर प्लग काढून टोनआर्मच्या बुडाच्या धातूपासून नवी साधी वायर काढून घ्या. आणि कोणी सांगेल, अँपच्या थ्री-पिनची अर्थची पिन मोडा, गुणगुण जाते. जातेही कधीकधी. पण २३० व्होल्टशी हा खेळ करायचा नाही, म्हणजे नाही.

तरी घूं येतेच? सिलेक्टर ऑक्सवर फिरवा. आवाज गेला तर गडबड टर्नटेबलच्या बाजूला. टोनआर्मच्या धातूला बोट लावा. गुणगुण कमीजास्त झाली की परत तीच तार, परत तोच स्क्रू. स्क्रूखाली गंज किंवा रंग असेल तर खरवडा. एकाच स्पीकरमधून येत असेल तर हेडशेलमधल्या (टोनआर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसते तिथल्या) चार केसासारख्या वायरी बघा: पांढरी-निळी डावीकडची, लाल-हिरवी उजवीकडची. अँपला सेटटॉप बॉक्स जोडलेला असेल तर त्याची केबल उपटून बघा, अर्थिंगचा लूप (अर्थ दोन वाटांनी जोडला जाणं) बऱ्याचदा तिथूनच होतो. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. अडॅप्टर कार्ट्रिजपासून लांब ठेवा. घूं नसून किर्र असेल तर पंख्याचा रेग्युलेटर.

स्पीकर सेकंडहँड चालतील, फक्त कोनाच्या (आतल्या पडद्याच्या) कडेचा रबर कुजलेला नको. प्लेअरच्याच टेबलावर ठेवू नका, घुमतात. स्पीकरची वायर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानातली तांब्याची, थोडी जाड. अधिक-उणे एका बाजूला उलटं लागलं तर बास गायब होतो, उलटवा, झालं.