लातूरच्या उन्हाळ्यात जुनी आर्चटॉप गिटार
माझी गिब्सन ईएस-१७५ ही आर्चटॉप, म्हणजे फुगीर पृष्ठभागाची गिटार; तिला पी-९० हे एका कॉइलचे पिकअप (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारे भाग) आहेत. हे मॉडेल १९४९चं. तिच्यावर हंबकर, म्हणजे गुणगुण कमी करणारे दोन कॉइलचे पिकअप, १९५७मध्ये आले. लातूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसलं, फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं हाताला टोचू लागली. वरच्या फ्रेटवर सूर चढायचा.

आर्चटॉपचा ब्रिज, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो आधार, चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावरच उभा असतो. म्हणून सगळ्या तारा एकदम काढू नका! तारा थोड्या सैल करून ब्रिज केसभर मागे सरकवला, बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर जुळेपर्यंत. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज घालून ती ओलाव्यासाठी गिटारच्या पेटीत ठेवली. टोचणं हळूहळू थांबलं.

व्हॉल्यूमच्या बटणाची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने गेली. मूळ पॉट (बटणांखालचे आवाज कमी-जास्त करणारे भाग) मात्र बदलू नयेत, लॅकरच्या (लाकडावरच्या चकाकीच्या थराच्या) बारीक चिराही तशाच राहू द्याव्यात.